मडावी सरांचं मिनिमम

मडावी सरांच्या घरी चहाला गेलेल्या माणसाला आधी पॅसेंजर व्हावं लागे. पुढच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटरचे तीन पडदे, त्यांच्यासमोर विमानात असतं तसं स्टिअरिंग, हैदराबादहून मागवलेली बटणांची एक पाटी, आणि मागे भिंतीला लावलेली लाकडी खाट. त्या खाटेवर बसायचं, पाय वर घ्यायचे नाहीत, आणि विमान जमिनीला टेकेपर्यंत चहाचं नाव काढायचं नाही. आलापल्लीला बदली होऊन आल्यावर मी शेजारधर्म म्हणून वाटीभर अंबाडीची भाजी घेऊन गेले, तर सरांनी मागे न बघताच सांगितलं, "बसा बाई. वर्धा मागे टाकलं आपण. नागपूरले धुकं हाय." मी ती वाटी मांडीवर धरून नागपूरला उतरले. तोवर भाजी गार झाली होती आणि माझे तळहात घामाने ओले झाले होते.

ते आमच्या शाळेत भूगोल शिकवत आणि मी मराठी. ठेंगणे, दणकट, भर उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापाशी लावलेली. मूळ गाव एटापल्लीच्या पलीकडे, जंगलात. घरची बोली गोंडी. मराठी शाळेत शिकले आणि विमानाची भाषा आपली आपण. खऱ्या विमानात ते जन्मात बसले नव्हते. यावर मी एकदा टोमणा मारला तर म्हणाले, "अंटार्क्टिकाले बी गेलो नाई मी बाई. दरवर्षी शिकवतो की."

त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीत त्यांची बायको बसे. शेवंताबाई. जंगलातल्या एका उपकेंद्रावर त्या नर्स होत्या, म्हणून सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे, आणि सरही सिस्टरच म्हणत. त्या सरांना सर म्हणत. नवराबायकोने एकमेकांना हुद्द्याने हाका मारायच्या, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. सिस्टर मांडीवर सूप घेऊन डाळ निवडता निवडता पडद्यावरचे आकडे वाचून दाखवत. विमान खाली येताना त्यांचा हात थांबे, पण आवाज हलत नसे.

सरांचा सगळा जीव एका आकड्यात होता. तो समजल्याशिवाय सर समजत नाहीत, म्हणून थोडं सांगते. धुक्यात विमान उतरवायचं तर जमिनीवरून दोन रेडिओलहरी त्याला वाट दाखवतात. एक डावं-उजवं सांभाळते, दुसरी उतार सांभाळते. त्यांच्या आधाराने विमान सगळीकडे पांढरं असताना खाली खाली येत राहतं. पण अगदी शेवटचा भाग माणसाने डोळ्यांनी पाहूनच उतरायचा. म्हणून एक उंची आधीच ठरवून ठेवायची. तिथे आल्यावर धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही तर त्याच क्षणी इंजिनं वाढवून वर निघून जायचं. या उंचीला मिनिमम म्हणतात. एका बटणाने ती लावून ठेवली की विमान तिथे पोहोचताच यंत्रातला कोरडा पुरुषी आवाज म्हणतो, 'मिनिमम्स'. बाकीचे सगळे आवाज सरांनी बंद करून टाकले होते. हा एकच शब्द ऐकायचा, आणि त्याला मोठ्याने उत्तर द्यायचं. 'दिवे दिसले' किंवा 'गो अराउंड'. तिसरं उत्तर नाही.

त्या बटणाभोवती एक बारीक रिंग होती. उंची कशापासून मोजायची ते त्या रिंगने ठरे. सरांनी दोन बाजूंना दोन चिकटपट्ट्या लावून त्यावर मराठीत लिहिलं होतं, समुद्र आणि जमीन.

"नागपूरची जमीनच समुद्रापासून हजार फूट वर हाय," सरांनी मला समजावलं होतं. "म्हणून रिंग समुद्रावर, अन् आकडा बाराशे तीस. म्हणजे जमीन दोनशे फूट राह्यली की तो बोलते. आता सांगा बाई, आकडा तोच ठेवला अन् रिंग चुकून जमिनीवर गेली, त काय होईन?"

मी बाकावरच्या ढ मुलीसारखी चिकटपट्ट्या वाचायला लागले.

"हजार फूट आधीच ओरडन तो! घंटा व्हायच्या आधी दप्तर भरून बसते ना एखादं पोट्टं, तसा." आणि ते बटण फिरवायला लागले. फिरवताना तोंडातल्या तोंडात गोंडीत मोजत, उंदी, रंड, मूंद. कुठलंही काम मनापासून करायचं असलं की सर गोंडीत जात.

हे एवढ्यावरच थांबलं असतं तर एक हौशी माणूस म्हणून मी त्यांना विसरूनही गेले असते. पण सर साऱ्याच गोष्टींचं मिनिमम लावत. "आकडा शांत डोक्यानं लावायचा," ते म्हणत, "मोठ्यानं सांगायचा, अन् कोणाच्या तरी समोर सांगायचा. धुक्यात गेल्यावर माणूस सोताशीच भाव करते." आमच्या हेडमास्तरांना मीटिंगमध्ये 'आता शेवटचा मुद्दा' असं म्हणून पुन्हा सुरू करायची खोड होती. एकदा मीटिंगला जाण्यापूर्वी सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "चौथा शेवटचा मुद्दा आला की मी उठतो." चौथा आला. सर उठले, हेडमास्तरांना नमस्कार केला आणि चालू पडले. हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढच्या मीटिंगला मुद्दे तीनवर थांबले.

नेहमीच असं छान जमे असं नाही. शाळेतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं आणि पाऊस दोन दिवस धरून होता. आम्ही सहा-सात जण जीपने निघालो. गाडीत बसण्यापूर्वी सरांनी ड्रायव्हरला बजावलं, "नाल्याच्या पुलावरचे पांढरे दगड दिसले त जायचं. नाई दिसले त वापस." नाल्यावर पोहोचलो तर दगड पाण्याखाली, वर गढूळ पाणी जोरात चाललेलं. आमच्या डोळ्यांदेखत पुढची एक गाडी पाण्यातून पार झाली. ड्रायव्हर म्हणाला, "निघून जाऊ सर, गुडघाभर बी नाई." मी नवी पैठणी नेसले होते. सगळे भुकेले होते. सरांनी फक्त मान हलवली आणि जीप मागे फिरली. दुपारी पाणी उतरलं, उशिरा निघालेले लोक आरामात गेले आणि भरपेट जेवून आले.

दुसऱ्या दिवशी मी सुनावलंच. "सर, गेलेले सगळे जेवून आले म्हटलं."

"आले ना? बरं झालं."

"मग आपण चुकलो."

"आपण जेवलो नाई, बाई. चुकलो नाई."

मला तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या जेवणाचं मला अजूनही वाईट वाटतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते निवडणुकीच्या ड्युटीत. आमच्याकडे जंगलातल्या काही मतदान केंद्रांवर मास्तरांना हेलिकॉप्टरने सोडतात. सरांना एकदा असंच भामरागडकडच्या एका गावात सोडलं. मतदान झालं, पेट्या सील झाल्या, आणि सगळे शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टरची वाट बघत उभे राहिले. मुक्काम कोणालाही नको होता. का नको ते आमच्या नक्षलग्रस्त भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ढग डोंगरावरून खाली उतरले होते. आवाज आला, जवळ आला, अगदी डोक्यावर आला. वरून सगळं झाकलेलं. आणि मग तो आवाज वळून लांब गेला. एक मास्तर रडायला लागले. पोलिसांनी सगळ्यांना शाळेत आत घेतलं, दारं लावली. सर सांगत, "मी त्या पायलटले किती शिव्या देल्या असन, बाई, गोंडीत, मराठीत, हिंदीत, काई बाकी ठेवली नाई."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि तोच पायलट आला. सरांनी चढता चढता विचारलं, "काल काऊन वापस गेले साहेब? आम्ही इथीच होतो ना." तो हसून हिंदीत म्हणाला, की किती खाली यायचं ते मी निघण्यापूर्वी चहा पिताना ठरवतो. वर गेल्यावर तुमचे चेहरे आठवतात, तेव्हा ठरवलं तर रोज थोडं थोडं खाली येईन. सर घरी आले आणि महिन्याभरात पहिला पडदा घेतला.

मी आलापल्लीला बरीच वर्षं काढल्यावर एकदा सातवीच्या वर्गाबाहेरून जाताना मुलांचं हसू ऐकलं. सर नकाशापाशी उभे होते. तोंडाने वैनगंगा सांगत होते आणि काठी गोदावरीवर होती. सरांनाही हसू आलं, काठी वर सरकवली. मी म्हटलं, होतं कधीतरी. मग ते मुलांना आवाजावरून ओळखायला लागले. कपाशेजारी चहा ओतून मोकळे व्हायचे आणि 'टेबल वाकडा हाय' म्हणायचे. बोलताना आपल्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे, जणू आपल्या मागे कोणी उभं आहे.

सिस्टरने मला मागच्या दारी बोलावून सांगितलं. साखरेने डोळ्यांच्या पडद्यावर सूज आली होती, बरोबर मधोमध. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली होती. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच धूसर होई. आहे ते टिकलं तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि मोटारसायकल बंद करा म्हणाले होते.

मोटारसायकल बंद करणं सोपं नव्हतं. सिस्टरचं उपकेंद्र जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर, शाळेच्या उलट दिशेला. तिच्या वेळेला एसटी नाही. लग्न झाल्यापासून सर रोज सकाळी तिला मागे बसवून सोडून येत आणि मग शाळेत येत. तो रस्ता पूर्वी शांत होता; आता त्याच्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रांग असते. एक ट्रक गेला की लाल धुळीत पुढचं काही दिसत नाही, आणि त्या धुळीतून दुसरा येतो. चांगले डोळस लोक तिथे देवाचं नाव घेऊन गाडी घालतात.

पुढच्या रविवारी सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"आकडा लावतो," ते म्हणाले. "दर रविवारी नागपूर. धुकं हेच, बाराशे तीस हेच. आवाज झाला तवा मले दिवे नाई दिसले, त त्या दिवसापासून गाडी बंद. बाई, तुम्ही साक्षीदार."

"डाक्टरनं आताच बंद म्हटलं हाय," सिस्टर म्हणाली.

"डाक्टरनं आकडा नाई सांगतला, सिस्टर."

ती सूप उचलून आत गेली.

त्यानंतर दर रविवारी सकाळी उठल्यापासून मला काही सुचत नसे. मी खाटेवर बसायची, सिस्टर उजव्या खुर्चीत. सर शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत, बटण चाचपत, मोजत फिरवत. सिस्टर आकडा वाचून सांगे, "बाराशे तीस. सेट." मग पडद्यावर पांढरं, नुसतं पांढरं. आणि शेवटी तो कोरडा आवाज. आणि लगेच सर, "दिवे दिसले. उतरतो." विमान टेकलं की आम्ही तिघंही हसायचो, सिस्टर चहा टाकायची, आणि पुढचा आठवडा सर गाडी चालवायचे. सोमवार ते शनिवार मी स्वयंपाक करता करता त्यांच्या मोटारसायकलचा आवाज परत येण्याची वाट बघायची. तो आला की फोडणी टाकायची. कित्येकदा भाजी त्यापायी करपली.

मला नक्की इच्छा कशाची होती, तेही कळत नसे. दिवे दिसावेत असं वाटे, कारण सरांच्या हातातली किल्ली काढून घेतलेली मला बघवली नसती. आणि दिसू नयेत असंही वाटे.

एक दिवस सिस्टर दुपारी माझ्याकडे आली. हातात तिचा लस न्यायचा निळा डबा होता. त्याची एक बाजू आत चेपली होती.

"उभ्या ट्रकले घासून गेली गाडी," ती म्हणाली. "डबा मधात होता म्हणून गुडघा राह्यला माझा. सर म्हणते, ट्रकवाल्यानं लाइट लावला नोता."

"लावला होता?"

"दोन्ही लावले होते."

मी पाणी दिलं. ती प्यायली नाही. भांडं बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, तुमी रविवारी पाह्यलं काय? पयले दिवे दिसले की सर आवाजाच्या आधीच ओरडत. लहान पोट्ट्यासारखे, ते पाहा दिवे, ते पाहा दिवे. आता आवाज झाल्याबिगर तोंड उघडत नाईत."

मला तेव्हा लख्ख कळलं. आम्हाला दिवे आवाजाच्या जरा आधीच दिसायचे. सर मात्र दिव्यांची वाटच बघत नव्हते. ते आवाजाची वाट बघत होते, आणि आवाज झाला की दिवे दिसले म्हणत होते. उरलेलं काम हाताच्या सवयीने होई.

"मग तोंडावर बोला ना त्यांच्या," मी चिडून म्हटलं. "तुमचा जीव आहे तो."

"बोलली त कबूल करन काय तो माणूस? जलमात खोटं नाई बोलला, बाई. अन् आता माझ्यासाठी बोलून राह्यला. गाडी बंद झाली त मले तिकडं क्वार्टरमधी राहा लागन, इकडं हे एकटे. साखरेची गोळी बी मीच देतो हातात." तिने चेपलेला डबा मांडीवर घेतला आणि चेपलेली बाजू अंगठ्याने बाहेर ढकलून पाहू लागली. "मले ट्रकची भीती नाई वाटत इतकी. सरले खोटं बोलाची सवय लागन, त्याची वाटते."

त्या रविवारी मी गेले तेव्हा सर आंघोळ करत होते. सिस्टर ओल्या फडक्याने टेबल पुसत होती. पडदे पुसले, स्टिअरिंग पुसलं, पाटी पुसली. मग फडकं बाजूला ठेवून तिने दोन बोटांनी ती बारीक रिंग धरली आणि समुद्रावरून जमिनीवर फिरवली. एवढासा 'टक' आवाज झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवर जाऊन बसले. पाय आपोआप खाली राहिले.

सर आले, चष्मा पुसला, बटण चाचपलं. रिंगला हात लावायची त्यांना गरजच नसे. ती वर्षानुवर्षं समुद्रावरच होती. "उंदी, रंड, मूंद..."

"बाराशे तीस," सिस्टर म्हणाली. "सेट." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. सरांना वाटलं, काळजीने.

विमान धुक्यात शिरलं. तिन्ही पडदे पांढरे. सर ताठ बसले होते, मान किंचित कलती, कान पुढे. आणि ठरल्या जागेच्या हजार फूट आधी, कुठे काही नसताना, तो कोरडा आवाज म्हणाला, 'मिनिमम्स'.

"दिवे दिसले," सर म्हणाले. "उतरतो."

पडद्यावर पांढऱ्याशिवाय काहीही नव्हतं. विमान खाली जात होतं. सर हात पुढे करून जमिनीची वाट बघत होते, आणि जमीन येत नव्हती. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली, डोळ्याच्या कडेने पाहायला. कडेलाही पांढरंच.

"कुठी दिसले, सर?" सिस्टरने विचारलं. इतक्या हळू की मला वाटलं माझ्याशीच बोलली.

ते थांबले. त्यांचा हात पाटीवर गेला, बटणावरून खाली रिंगवर आला, आणि रिंग कुठे आहे ते अंगठ्याने चाचपून त्यांना कळलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ एकदम लहान झाल्यासारखी वाटली. विमान अजून उतरतच होतं. आणि मग सरांनी अंगठ्याने वर निघायचं बटण दाबलं, इंजिनांचा आवाज चढला, आणि ते स्पष्ट, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "गो अराउंड."

विमान वर निघालं. सर उठले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि बाहेर गेले. क्षणभरात मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सिस्टर खुर्चीतून हलली नाही. "तुम्ही जा बाई," एवढंच म्हणाली. मी धावले. सर अंगणात गाडी स्टँडवर लावून बसले होते आणि मूठ पिळत होते. गाडी जागच्या जागी ओरडत होती. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मी पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिले, तेव्हा मला काय सुचलं होतं कोण जाणे; स्टँडवरची गाडी कुठे जाणार होती?

शेवटी त्यांनी ती बंद केली.

"सिस्टरनं फसवलं मले," ते म्हणाले.

"तुम्ही इतके रविवार काय करत होता?" मी ओरडले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "तिच्या गुडघ्याचं काय झालं असतं, माहीत आहे?"

ते माझ्या कानाकडे बघत राहिले. "हो," म्हणाले. मग किल्ली माझ्या हातात दिली. "साक्षीदार तुम्ही होत्या. तुम्हीच ठेवा." आत खोलीत ते विमान कोणी न चालवता नागपूरवर चढत राहिलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस सर सिस्टरशी बोलले नाहीत. माझ्याशीही कामापुरतंच. सिस्टर मिळेल त्या जीपने, कधी दूधवाल्यामागे बसून जाई, आणि संध्याकाळी ती येईपर्यंत सर फाटकाशी उभे राहत. तिचा पायरव ऐकला की आत निघून जात. मला वाटलं, हे घर आता असंच राहणार. मग एका सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानातून सरांचा ओरडा ऐकू आला. सिस्टरने मोपेड घेतली होती, पन्नाशी उलटल्यावर. ती भेदरून गोल गोल फिरत होती आणि सर मधोमध उभे राहून आवाजाच्या रोखाने वळत तिला शिकवत होते. "ब्रेक! ब्रेक पयले, मंग बोंबल!" ज्या माणसाला धड दिसत नाही तो गाडी शिकवतोय आणि जिला येत नाही ती चालवतेय; माझ्या जिवाची घालमेल काही संपायला तयार नव्हती. ती दोनदा पडली. सर मोजून मापून तिच्यापर्यंत गेले आणि तिला उठवायच्या आधी दोघंही मातीत बसून हसली.

सर निवृत्त झाले आणि माझी राजुऱ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी चौकात एसटीत खिडकीशी बसले होते. निरोप आदल्या दिवशीच झाला होता. समोरून खनिजाच्या ट्रकांची रांग चालली होती आणि तिच्या कडेला, रस्ता ओलांडायला थांबलेली, सिस्टरची मोपेड दिसली. मागे सर, दोघांच्या मधे निळा डबा. हल्ली ते तिच्याबरोबरच जात. दिवसभर उपकेंद्राच्या ओट्यावर बसून आसपासच्या मुलांना भूगोल सांगत. मला हाक मारावीशी वाटली, पण सिस्टरने मान वळवली असती, म्हणून मी तोंडावर पदर धरला.

दोन ट्रकांमध्ये फट पडली. सिस्टर हलली नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, एक जण शिवी देऊन पुढे घुसला. तरी ती हलली नाही. एरवी अशा वेळी सर मान उंच करून पुढचा अंदाज घेत, हे किती, ते किती, विचारून तिला भंडावून सोडत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते काहीच विचारत नव्हते. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते आणि डोळे मिटलेले होते. धूळ नव्हती, ऊनही तोंडावर नव्हतं. ते आपणहून मिटले होते.

मग मोठी फट पडली. सिस्टरने दोन्हीकडे पाहिलं, पाय वर घेतले आणि गाडी घातली. पलीकडे पोहोचेपर्यंत सरांनी डोळे उघडले नाहीत.